बाहीच्या आतला निळा

बुधवार, नऊ तारीख
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. गुंडीला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या डोळ्याचं काय झालं? सुईत दोरा अजून एका फटक्यात ओवतेस, की भिंग घेतलंस? घे बाई, लाजू नकोस. गिऱ्हाईक भिंग बघून पळत नाही, वाकडी टीप बघून पळतं.

पत्र बघून दचकली असशील. घरात फोन असताना पत्र कशाला, असं सूनबाईनेही विचारलं. तिला म्हटलं, फोनवर गुंडी आधी रडते, मग मलाच तिची समजूत घालावी लागते, आणि माझं सांगायचं ते तसंच पोटात राहतं. कागद रडत नाही. मी चारच इयत्ता शिकले, त्यातलं एक वर्ष गोवरात गेलं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. जिथे वाचता येणार नाही तिथे माझा आवाज आठव, म्हणजे लागेल.

पत्रास कारण आहे. पण कारण नंतर, आधी बातम्या. गोड आधी खाल्लं म्हणून काही बिघडत नाही.

तर पहिली बातमी. काल मी खुर्चीवरून हात न टेकता सलग अकरा वेळा उठले! बसले-उठले, बसले-उठले, दोन्ही हात छातीशी बांधून. मोजायला आमची भिंगरी होती. साडेतीन वर्षांची झाली गं माझी नात, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा म्हातारा खोकायचा थांबला. पण तिला सात हा आकडा आवडत नाही, म्हणून ती सहावरून एकदम आठवर जाते. म्हणजे खरं धरलं तर दहा वेळाच. मी दहाच सांगते सगळ्यांना. मापात घोळ घालणारी घरात एक पुरे.

दुसरी बातमी, मी गच्चीपर्यंत जिना चढले, मधल्या पायरीवर न बसता. वर जाऊन कपड्यांना चिमटे लावले आणि राणीसारखी खाली आले.

तिसरी, बरणीचं झाकण. मुलाला निघेना, मी घेतलं आणि फट्‌दिशी उघडलं. तो म्हणतो, "आई, मी ढिलं करून ठेवलं होतं." म्हटलं, "हो रे बाबा, जन्मल्यापासून तूच सगळं ढिलं करून ठेवलंयस." बस चालवणारा माणूस, दिवसभर त्याला कुणी उलट बोलत नाही, म्हणून घरी मी बोलते. सूनबाई इतकी हसली की तिचा चहा सांडला.

आणि चौथी बातमी. माझा दंड भरला. निळ्या झग्याची बाही काचायला लागली.

इथे जरा थांबते. चार वाजले, माझी खायची वेळ झाली.

*

खाऊन आले. एक उकडलेलं अंडं आणि मूठभर शेंगदाणे. भूक असो नसो, घड्याळाने सांगितलं की खायचं. आणि झोपायच्या आधी कपभर दूध आणि पावाचा तुकडा, तो तर औषधासारखा. सूनबाई समोर उभी राहते, जेलरसारखी.

हे का, ते तुला सांगितलं होतं, पण निम्मंच सांगितलं होतं. आज सगळं सांगते. आपली ती रुग्णालयातली आहारवाली बाई आहे ना, बारीक चणीची, बोलायला चुन्यासारखी झणझणीत, तिने मला समजावलं. म्हणाली, "आजी, लिव्हर म्हणजे घरातली कोठी. तुमची कोठी दगडासारखी घट्ट झालीय, तिच्यात काही साठत नाही. संध्याकाळी सहाला पेजपाणी घेऊन सकाळी नऊपर्यंत तुम्ही उपाशी राहता, मग शरीराने रात्रभर चूल पेटती ठेवायची कशावर? सरपण नसलं की माणूस घरातले पाट जाळतो. तुमचं शरीर तुमचे दंड आणि मांड्या जाळतंय."

मी म्हटलं, "अहो, पण लिव्हरला विश्रांती म्हणून तर मी हलकं खाते." तर म्हणाली, "विश्रांतीच्या नावाखाली तुम्ही स्वतःलाच खाल्लंत आजी."

गुंडे, मी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही, तरी लिव्हरचं नाव काढलं की लोक माझ्या तोंडाचा वास घ्यायला पुढे झुकतात. ते सोसलं. पण त्या बाईने पुढे जे विचारलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं.

तिने माझ्या हातात पंजाचा जोर मोजायची एक दांडी दिली, घोड्याच्या लगामासारखी, आणि म्हणाली, दाबा. मी दात खाऊन दाबली. काटा हलला न हलल्यासारखा. मग तिने माझ्या कानशिलांवरून अंगठा फिरवला, तिथे खळगे झाले होते. मग दंड धरला, आणि तिची बोटं एकमेकींना लागली. ती जुना कागद उलटून बघायला लागली. वर्षभरात चार वेळा मोठ्या डॉक्टरांनी तपासलेलं, चारही वेळा वजन एकसष्ट. जसंच्या तसं. मी तर त्या एकसष्टचा किती तोरा मिरवला होता, आठवतं? तुलाच फोन करून सांगायचे, "काही उतरली नाही हो तुझी अक्का!"

ती म्हणाली, "एकसष्टमधलं सात-आठ किलो पोटातलं पाणी आहे आजी. पाणी वाढत गेलं, मांस उतरत गेलं, काटा बिचारा बेरीज सांगत राहिला. पण कागदावर दरवेळी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारलेला दिसतोय. कपडे सैल होतायत का? बाह्या? आणि चारही वेळा तुमचं उत्तर, नाही."

मी ताठ बसले. म्हटलं, "नाहीच! माझे कपडे माझी बहीण शिवते. शिंपीण आहे, तिच्या हातचं कापड अंगाला गोंदल्यासारखं बसतं. बघा ही बाही, आहे का कुठे चिमूटभर ढिली?"

तिने बाही चिमटीत धरून पाहिली. नव्हती ढिली. ती नुसती बाहीकडे बघत राहिली, आणि मग माझ्याकडे. तिला तेव्हाच कळलं असावं. मला कळायला पुढचे पाच महिने लागले.

*

आता निळ्या झग्याकडे येते.

पाच महिने मी अंडी खाल्ली, डाळी खाल्ल्या, खुर्चीवर उठाबशा काढल्या, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलल्या. पोटातलं पाणी गोळ्यांनी बरंच उतरलं. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी झगा घालताना बाही दंडावर अडकली. गुंडे, मी आरशासमोर उभी राहून हसले. सूनबाईला हाक मारली, "अगं बघ, मी मावत नाही!" भिंगरीला वाटलं काही खेळ आहे, तीही ओरडायला लागली, "आजी मावत नाही, आजी मावत नाही!" घरभर तीच वरात.

म्हटलं, गुंडीला कशाला त्रास? ती शिवणीच्या आत इंचभर माया सोडतेच, आपणच उसवून जरा सोडू. चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि खिडकीत बसले. मनात काय चाललं होतं सांगू? तुला फोन करायचं. म्हणायचं, गुंडे, तुझी बाही हरली, माझा दंड जिंकला.

शिवण उघडली.

आत चार निळे होते.

तू शिंपीण, तुला सांगायला नको, तरी सांगते. कडेचा पट्टा गर्द निळा, दुकानातून आणला तेव्हा होता तसा, कारण त्याने कधी ऊन पाहिलंच नाही. त्याच्या अलीकडे बोटभराहून कमी एक पट्टा, जरासा विटका. त्याच्या अलीकडे आणखी एक, आणखी विटका. मग आणखी एक. आणि प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये टिपेच्या भोकांची सरळ रांग. दोरा काढून टाकलास, पण सुईची भोकं कुठे जातात? दाट विणीचं कापड, ते विसरत नाही. मी बोट फिरवलं, खरखर लागलं.

जसजशी एकेक शिवण आत गेली, तसतसा एकेक पट्टा उन्हातून आत गेला. पहिली शिवण धरली तर चार टिपा. तू वर्षात तीनदा आलीस, दर चार महिन्यांनी, दोन-दोन दिवस. "अक्का, तू पड जरा, मी तुझे कपडे इस्त्री करते." मी पडायचे. आतल्या खोलीतून यंत्राचा आवाज यायचा आणि मला त्या आवाजाने झोप लागायची. आईच्या घरी लागायची तशी. मी एकदा विचारलं होतं, "इस्त्रीला यंत्र कशाला गं?" तू म्हणालीस, "कुठे कुठे उसवलंय, टाका घालते."

उसवलं नव्हतं गुंडे. मी उसवत होते.

मग मी कपाट उघडलं. राखाडी झगा, तपकिरी झगा, हिवाळ्यातलं जाकीट. सगळ्यांच्या बाह्या बघितल्या. सूनबाई म्हणाली, "आई, पुरे, दमाल." मी म्हटलं, "आज नाही दमत." आणि कंबर! कंबरेला तू दोन्ही बाजूंनी पांढरी नक्षीची पट्टी लावून दिलीस ना, "आता हीच फॅशन आहे अक्का" म्हणून? पट्टीखाली जोड होता. पोट वाढलेलं, ते मावावं म्हणून. मी ती फॅशन शेजारणीला दाखवत फिरले. तिने तशीच शिवून घेतली आणि मेली माझ्यावरच मिरवते अजून.

काटा खोटं बोलला, त्याचं मला काही नाही. तो लोखंडाचा. पण बाही खरं बोलत होती, वर्षभर आधीपासून बोलत होती, आणि तिचं तोंड तू शिवलंस.

*

तुला आठवतं, मी भिंगरीच्या बुटाची नाडी बांधायला बुटक्या स्टुलावर बसले आणि उठताच येईना? सूनबाई बाजारातून येईपर्यंत मी तिथेच. पोरगी भोवती फिरत विचारत होती, "आजी, तू चिकटलीस?" मी हसत होते, आणि मांड्यांत जोर शोधत होते. जोर नव्हताच. जसं अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी. त्या संध्याकाळी तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "गुडघे गं अक्का. वयाचे आहेत. आईचेही असेच होते."

गुडघे! गुंडे, त्याच्या आठच दिवस आधी तू माझ्या तपकिरी बाहीतून अर्धा इंच काढून गेली होतीस. तुझ्या हातात माझं माप होतं, आणि तू मला गुडघे सांगितलेस.

मी डॉक्टरांसमोर चार वेळा खोटं बोलले, आणि मला माहीतही नव्हतं की मी खोटं बोलतेय. याचा राग आहे मला. तू खोटं बोलली असतीस तर एक वेळ चाललं असतं. तू माझ्याकडून वदवून घेतलंस. तेही अभिमानाने, छाती काढून. त्या आहारवाल्या बाईचं बाहीकडे बघणं आठवलं की अजून कानशिलं तापतात. आता तिथे जरा मांस आलंय, म्हणून जास्त तापतात.

मुलगा म्हणतो, "आई, मावशीने प्रेमापोटी केलं. तुला वाईट वाटू नये म्हणून." मी त्याला म्हटलं, "उद्या तुझ्या बसचं ब्रेकचं तेल गळत असलं आणि गॅरेजवाल्याने प्रेमापोटी धोक्याच्या दिव्यावर चिकटपट्टी लावली, तर?" तो म्हणाला, "तीन आठवडे झाले, ती रडकुंडीला आलीय, एकदा उचल तरी फोन." नाही उचलला. राग होता म्हणून, आणि आणखी एका कारणाने. मला आधी एक गोष्ट नीट आठवायची होती.

ती आठवली.

आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू अकरा वर्षांची. नुकतीच टेप धरायला शिकली होतीस, घरात दिसेल त्याचं माप काढायचीस, मांजराच्या शेपटीचंसुद्धा. आईला नवा झगा शिवायचा म्हणून तू तिच्या दंडाला टेप लावलीस आणि खिदळत ओरडलीस, "अक्का, बघ, आईचा दंड माझ्याएवढा झाला!" आणि आकडा सांगितलास, मोठ्याने. आईने आपल्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती घासभरही नीट जेवली नाही, आणि महिन्याने गेली.

तो झगा शिवलाच गेला नाही. आणि त्यानंतर पन्नास वर्षांत मी तुला कुणाचंही माप मोठ्याने म्हणताना ऐकलं नाही. दुकानातसुद्धा तू आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटतेस आणि खडूने कापडावर लिहितेस. गिऱ्हाइकांना वाटतं, शिंपीणबाई तंद्रीत आहेत. मलाही तसंच वाटायचं. तुला सगळ्यांत जवळून ओळखणारी मी, आणि मला इतक्या वर्षांत कळलं नाही. म्हणजे झाकलेलं न दिसण्यात मीही काही कमी नाही.

ऐक आता. आई आकड्याने गेली नाही. आजाराने गेली. तेव्हा कुणी तिला झोपताना कपभर दूध द्या म्हणून सांगणारं नव्हतं, आणि तू अकरा वर्षांची होतीस. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सोळा वर्षांची होते, मला सुचलं नाही.

पण मी आई नाही गुंडे. मी भिंतीकडे तोंड करणाऱ्यांतली नाही. तू मला वर्षभर आधी सांगितलं असतंस, "अक्का, बाही अर्धा इंच आत गेली," तर मी आधी तुला चार शिव्या दिल्या असत्या, मग अंडं उकडायला ठेवलं असतं. एवढंच झालं असतं. ते वर्ष मला परत मिळणार नाही. आहारवाली म्हणाली, गेलेलं सगळं भरून येईल असं समजू नका. त्या वर्षात भिंगरी चालायची ती पळायला लागली, आणि मी तिच्यामागे पळू शकले नाही. बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाला गोंदल्यासारखे बसणारे कपडे घालून.

आणि पुढचंही सांगते, तुला फोनवर कुणी सांगितलं नसेल. मी बरी झाले असं नाही. कोठी दगडाचीच राहणार, ती काही परत मऊ होत नाही. कदाचित पुन्हा पाणी भरेल, आणि दंड पुन्हा उतरेल. तेव्हा काटा पुन्हा बेरीजच सांगेल. ते आधी कुणाला कळणार? डॉक्टरांना नाही, मुलाला नाही. तुझ्या टेपला. त्या दिवशी तू काय करशील, यंत्रावर बसशील की मला उठवशील, हे मला आज माहीत नाही. साठ वर्षं ज्या माणसाबद्दल विचारही करावा लागला नाही, त्याच्याबद्दल हे माहीत नसणं फार वाईट असतं गं.

माफ केलं असं समजू नकोस. अजून नाही.

*

गुरुवार, सकाळ. काल भिंगरीने शाई सांडली म्हणून राहिलं. वरचा डाग तिचा आहे, मला रडले समजू नकोस.

पत्रासोबत निळा झगा पाठवतेय. डावी बाही उघडीच ठेवलीय, चारही निळे दिसतील असे. शिवू नकोस. तसाच घेऊन ये, टेप घेऊन ये. इकडे आलीस की तू मला खिडकीत उभं करायचंस, सगळ्यांसमोर, आणि माझ्या दंडाला टेप लावून आकडा मोठ्याने म्हणायचास. भिंगरीला ऐकू जाईल इतका मोठ्याने. कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त. मग बाही त्या मापाने शिव, माझ्या डोळ्यांदेखत.

सूनबाईकडून मी काल माप काढून घेतलंय. आकडा मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. तो मला तुझ्या तोंडून ऐकायचाय.

तोवर फोन करू नकोस. आणि येताना डोळ्याचं भिंग विसरू नकोस, पाव इंचाची चूकही चालणार नाही.

एका बाहीने उसवलेली,
अक्का